वनजाक्कांनी पेरलेली चूक

नवीन भरती झालेले इंजिनिअर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मला एक प्रश्न हमखास विचारतात. जेवणाच्या सुट्टीत, आवाज खाली आणून. मॅडम, ते पत्र खरंच कुणी लिहिलं होतं, की प्रशिक्षणासाठी रचलेली गोष्ट आहे? मी सांगते, खरं आहे. पत्र जाण्याआधी मी ते वाचलं होतं. त्यांचा विश्वास बसत नाही, हे मला दिसतं. त्यांचं चुकत नाही. मी तिथे होते, त्या पत्रात माझं नाव होतं, तरी मलाही अजून कधी कधी ते खरं वाटत नाही.

पत्र लिहिणाऱ्या बाई म्हणजे वनजाक्का. कागदोपत्री व्ही. आर. मोरे, पण शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणायचे. बंगळूरच्या यशवंतपूरला, मालधक्क्याच्या मागच्या बाजूला आमच्या कंपनीचं दुमजली ऑफिस आहे. अणुवीज केंद्रातल्या अणुभट्टीभोवती काँक्रीटचा जो प्रचंड घुमट असतो, त्यातून हवा किती गळते हे मोजायचं आणि त्याचा अहवाल नियामक मंडळाकडे पाठवायचा, हे आमचं काम. उद्या आत काही बिघडलं तर बाहेरच्या माणसांच्या आणि त्या बिघाडाच्या मध्ये तो घुमट तेवढा उभा असतो. म्हणून ठरावीक वर्षांनी भट्टी बंद ठेवून त्याची परीक्षा घेतात. अहवाल मान्य झाल्याशिवाय भट्टी सुरू करता येत नाही. आणि आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक अहवालाच्या शेवटच्या पानावर सही असायची वनजाक्कांची.

मी गंगाखेडची. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, आई शाळेत खिचडी शिजवायची. आमच्या घरात, आणि बहुधा आमच्या गल्लीतही, इंजिनिअर झालेली पहिली मीच. बंगळूरला नोकरी लागली तेव्हा मला कानडी येत नव्हतं, हिंदी बेताचं होतं आणि इंग्रजी लिहिता यायचं पण बोलताना घशात अडकायचं. पहिल्या दिवशी वनजाक्कांनी मला समोर बसवून एक तक्ता समजावून सांगायला लावला. मी दोन वाक्यांत तीनदा अडखळले. त्यांनी माझ्या अर्जावर गावाचं नाव पाहिलं आणि मराठीत म्हणाल्या, "मग इंग्रजीत कशाला चुकतेस ग? मराठीत चूक की."

मी बघतच राहिले. निळ्या काठाची सुती साडी, पायात केंद्रावरचे जाड तळव्याचे बूट, चष्म्याला दोरी. या बाई मराठी असतील असं मला वाटलंच नव्हतं. नंतर कळलं, त्यांच्या घराण्याला बंगळुरात येऊन तीन-चारशे वर्षं झाली म्हणतात. घरात मराठी, दारात कानडी. त्यांचं मराठी माझ्या आजीच्या बोलण्यापेक्षाही जुनं वाटायचं आणि मधेच कानडी शब्द येऊन बसायचा. "स्वल्प थांब", "सरी, पुढं बोल." सरी म्हणजे बरं, ठीक. महाराष्ट्र त्यांनी दोनदाच पाहिला होता, दोन्ही वेळा तुळजापूरला जाताना.

काम त्यांनी मला सायकलच्या ट्यूबवरून शिकवलं. त्यांच्या वडिलांचं यशवंतपूरला सायकलचं दुकान होतं. पंक्चर शोधायचं तर ट्यूब पाण्याच्या परातीत बुडवायची, बुडबुडे येतील तिथे भोक. "पण आपला घुमट बुडवायला परात कुठून आणणार?" त्या विचारायच्या. म्हणून मग सगळे दरवाजे आणि झडपा बंद करून घुमटात हवा भरायची, दाब ठरलेल्या पातळीपर्यंत न्यायचा आणि तो किती उतरतो ते बघत बसायचं. पण नुसता दाब बघून भागत नाही. आतली हवा गार झाली तरी दाब उतरतो, आणि गळती नसताना गळती दिसते. उलटंही होतं, हवा तापली की खरी गळती झाकली जाते. म्हणून घुमटात जागोजागी तापमापक टांगलेले असतात. प्रत्येक तापमापक आपल्या भोवतालच्या हवेचं प्रतिनिधित्व करतो. ज्याच्या भागात हवा जास्त, त्याचा हिशेबातला वाटा जास्त. हे वाटे चुकले तर बाकी सगळं अचूक असूनही उत्तर चुकतं.

"बरोबर आहे" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. फार तर म्हणायच्या, "दोष सापडला नाही." दोष नाही असंही नाही, सापडला नाही. डब्यातल्या उप्पिटाबद्दलही हेच. आमच्यातला पुण्याचा अमेय त्यांची नक्कल करायचा. त्याचं लग्न ठरलं तेव्हा त्याने गमतीने पत्रिकेचा कच्चा मजकूर त्यांच्याकडे तपासायला दिला. त्यांनी तो दोन दिवस ठेवून घेतला. तिसऱ्या दिवशी परत देताना म्हणाल्या, "मजकुरात दोष सापडला नाही. फक्त वार शुक्रवार लिहिलायस आणि तारीख गुरुवारची आहे. नवरी कुठल्या दिवशी येणार, तेवढं विचारून घे." अमेयच्या घरच्या अकरा माणसांनी तो मजकूर वाचला होता. त्या दिवसापासून नक्कल बंद झाली असं नाही, पण नक्कल करताना तो इकडेतिकडे बघायला लागला.

केंद्रावर घुमटात जाताना अंगावरची प्रत्येक सुटी वस्तू नोंदवहीत लिहावी लागते, बाहेर येताना ती मोजून दाखवावी लागते. आत काही राहायला नको म्हणून. आम्ही पेन, विजेरी, किल्ली एवढं लिहायचो. वनजाक्का लिहायच्या : केसातल्या पिना, सहा. एकदा बाहेर आल्यावर त्यांच्या केसात पाचच पिना निघाल्या. त्यांनी स्वतःच जाऊन पहारेकऱ्याला सांगितलं. तो हसला, म्हणाला, अम्मा, राहू द्या. त्या राहू देईनात. दरवाजा बंद करायचं काम थांबलं, आठ-दहा माणसं उन्हात तासभर थांबली, दोघं आत जाऊन त्या जिथे जिथे फिरल्या होत्या तिथे गुडघ्यांवर शोधून आले. शेवटी पिन सापडली ती त्यांच्याच हेल्मेटच्या पट्ट्यात. माणसं चिडलेली होती. वनजाक्कांनी नोंदवहीत लिहिलं, पिना सहा, आणि प्रत्येकापुढे जाऊन हात जोडून माफी मागितली. परतताना मी म्हटलं, अक्का, बोलला नसतात तरी कुणाला कळलं नसतं. त्या म्हणाल्या, "मला कळलं होतं की."

आता त्या पेरलेल्या चुकीबद्दल सांगते, कारण सगळं तिथूनच घडलं.

घुमटाच्या चाचणीत शेवटी एक टप्पा असतो. सगळं मोजून झालं की एका छोट्या नळीतून मुद्दाम थोडी हवा बाहेर सोडायची. किती सोडली ते आपल्याला नेमकं माहीत असतं. मग बघायचं, आपली यंत्रं ती गळती पकडतात की नाही. पकडली, तर आधीच्या मोजमापावर विश्वास ठेवायचा. मी पहिल्यांदा तो टप्पा पाहिला तेव्हा मला गंमत वाटली होती. गळती शोधायला आलो आणि आपणच गळती करतोय. वनजाक्का म्हणाल्या, "माहीत असलेली गळती तुला पकडता येत नसेल, तर माहीत नसलेली नाहीच म्हणून सांगायचा तुला काय अधिकार?"

हीच रीत त्यांनी माणसांनाही लावली होती. अहवाल तपासणाऱ्याकडे देण्याआधी त्या त्यात स्वतःच्या हाताने एक चूक पेरायच्या. एकच. कधी एखादा आकडा, कधी एकक, कधी प्रमाणपत्राचा क्रमांक. आणि ती आपल्या छोट्या वहीत पेन्सिलीने लिहून ठेवायच्या. तपासनिसाने चूक शोधून त्यांच्याकडे जायचं आणि म्हणायचं, "सापडली." त्या विचारायच्या, "कुठली?" सांगितलं की वही उघडून त्यावर काट मारायच्या. पूर्वी तपासणीची प्रत पिवळ्या कागदावर वेगळी निघायची. पेरलेली चूक त्या पिवळ्या कागदावरच जन्मायची आणि तिथेच मरायची. मंडळाकडे जायचा अहवाल निराळ्या, स्वच्छ प्रतीवरून निघायचा.

माझी पहिली चूक मला सापडली नाही. दोन दिवस वाचून मी म्हटलं, अक्का, यात काही नाही. त्यांनी पान उलटून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आज तू गळकी निघालीस." पुढचा महिनाभर अमेय मला गळके म्हणूनच हाक मारत होता. मग मी वाचायची पद्धत बदलली. उत्तरापासून मागे यायला लागले, प्रत्येक आकडा मूळ नोंदीशी लावून बघायला लागले. हळूहळू सगळ्या सापडू लागल्या. दीड-दोन वर्षांनी एकदा मी जाऊन "सापडली" म्हटलं, तर त्यांनी वही उघडलीच नाही. म्हणाल्या, "आता तुला कुठली म्हणून विचारायचं बंद. सापडली म्हणालीस की पुरे." त्या संध्याकाळी मी गंगाखेडला फोन करून वडिलांना ते वाक्य तीनदा सांगितलं. पदवीच्या कागदाने मला एवढा आनंद दिला नव्हता.

त्याच सुमारास ऑफिसात नवी संगणकप्रणाली आली. पिवळा कागद गेला. आता अहवालाची एकच फाइल, तीच तपासायची, तिच्यावरच सही व्हायची, तीच मंडळाकडे जायची. अक्कांची रीत मात्र तशीच राहिली. त्यात धोका आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

त्या वर्षी समुद्राकाठच्या एका केंद्रावर आम्ही जुन्या घुमटाची चाचणी केली. त्याच्या शेजारी नवा घुमट बांधून पुरा होत आला होता आणि जानेवारीत त्याची पहिलीवहिली चाचणी व्हायची होती. वनजाक्का मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या. नव्या घुमटाचा पाया खणत असल्यापासून त्या तिथे जात होत्या. कुठल्या कोपऱ्यात कुठला तापमापक टांगायचा हे त्यांनी नकाशांवर वाकून ठरवलं होतं. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी तपासले ते दुसऱ्या कुणीतरी आधी तपासलेले घुमट. कोऱ्या घुमटावर पहिली सही करायला त्यांना कधी मिळाली नव्हती. आपल्याबद्दल बोलायची सवय त्यांना नव्हती, पण हे एक मात्र त्या बोलायच्या. "त्याच्या पहिल्या अहवालावर माझी सही पडली की मी मोकळी."

जुन्या घुमटाचा अहवाल तपासताना मला एक चूक सापडली. आर्द्रता मोजायच्या यंत्राला जोडलेलं प्रमाणपत्र मागच्या वर्षीचं होतं. मी अक्कांच्या टेबलाशी गेले. त्या नव्या घुमटाच्या लोकांशी फोनवर बोलत होत्या. मी म्हटलं, "अक्का, सापडली." त्यांनी फोन कानाला ठेवूनच मान हलवली, सरी, दुरुस्त कर, म्हणाल्या. मी दुरुस्त केलं. त्यांनी सही केली. अहवाल गेला, मान्य झाला, भट्टी सुरू झाली.

तीन आठवड्यांनी, सकाळी चहा येण्याच्या वेळी, वनजाक्का ती वही घेऊन माझ्याजवळ आल्या. नवीन तुकडीला शिकवायचं होतं, त्यासाठी त्या उदाहरणं निवडत होत्या. खुशीत होत्या. म्हणाल्या, "सतरा-अठरा तुला कशी दिसली ग? मला वाटलेलं, ही काही तुला सापडत नाही."

मी विचारलं, सतरा-अठरा म्हणजे?

"सतराव्या आणि अठराव्या तापमापकाचे वाटे मी अदलाबदल केले होते की. बेरीज तेवढीच राहते, म्हणून संगणक ओरडत नाही."

मी म्हटलं, "अक्का, मला तर प्रमाणपत्र सापडलं होतं. आर्द्रतेचं. जुनं लावलेलं."

त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. रागावल्या नाहीत, घाबरल्या नाहीत. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं काहीतरी त्यांच्या डोळ्यांत झालं. प्रमाणपत्राची चूक त्यांनी पेरलेली नव्हतीच. ती त्यांची खरी चूक होती, नकळत झालेली. मी ती पकडली आणि तीच पेरलेली समजून पुढचं शोधणं थांबवलं. मी सापडली म्हणाले, आणि त्यांनी विचारलं नाही कुठली. त्यांनी स्वतःच्या हाताने घातलेली चूक त्यांच्याच सहीने नियामक मंडळाकडे गेली होती, आणि त्या कागदाच्या भरवशावर तीन आठवडे एक अणुभट्टी चालू होती.

वनजाक्का शेजारच्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "आधी गणित कर." मी आकडे टाकताना दोनदा चुकले. अमेयने उठून माझ्या जागी बसून वाटे जागेवर घातले आणि गणित पुन्हा चालवलं. गळती थोडी वाढली. मर्यादेच्या आतच राहिली, पण वाढली. अमेयने मोठा श्वास सोडला, मीही सोडला. वनजाक्कांनी पुन्हा करायला लावलं, मग कॅल्क्युलेटरवर हाताने केलं, मग वही मिटून सरळ श्रीनाथ सरांच्या खोलीत गेल्या. जाताना मला म्हणाल्या, तूही ये.

श्रीनाथ सर आमचे संचालक. चांगला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आकडे पाहिले आणि आधी केंद्राला फोन करून सुधारलेलं उत्तर कळवलं. मग म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही. एका पानाचं शुद्धिपत्र पाठवू. टंकदोष म्हणून. असं वर्षातून एकदोनदा होतंच, मंडळ समज देतं आणि विषय संपतो.

"टंकदोष नाही," वनजाक्का म्हणाल्या. "मी ठरवून घातली."

सर बराच वेळ कानडीत त्यांना समजावत होते. मला तोवर तेवढं कानडी कळायला लागलं होतं. अक्का, तुम्ही शिकवण्यासाठी घातलीत हे मला माहीत आहे, यांना माहीत आहे. पण कागदाला ते माहीत नाही. हेतुपुरस्सर बदल केला असं लिहिलंत तर नियमात त्याला एकच नाव आहे.

"काय नाव?" वनजाक्कांनी विचारलं. आणि त्यांनीच सांगितलं. "खोटी नोंद."

सर म्हणाले, मग तुमचा सहीचा अधिकार जाईल. तीन महिन्यांवर नवा घुमट आलाय. टंकदोष लिहा आणि जानेवारीत तिथे सही करा. तुमच्याच हाताने ती का खोडताय?

त्यांनी मिटलेली वही उघडून ते पान पुन्हा पाहिलं. मला वाटलं, ऐकतील. खरं सांगायचं तर मी मनात देवाला विनवत होते की ऐकू देत. मग त्या म्हणाल्या, "टंकदोष लिहिला तर ते आपल्याला टायपिंग सुधारायला सांगतील. टायपिंगमध्ये काही बिघडलेलं नाही. बिघाड माझ्या पद्धतीत आहे. तो त्यांना कळला नाही तर दुसऱ्या ऑफिसातली माझ्यासारखी बाई हेच करत राहील."

पत्र त्यांनी त्याच दिवशी लिहिलं, इंग्रजीत, दीड पान. मला वाचायला दिलं. त्यात लिहिलं होतं, हा टंकदोष नाही. सतरा व अठरा क्रमांकाच्या तापमापकांचे वाटे मी स्वतः हेतुपुरस्सर बदलले. तपासनीस सुरेखा यांना दुसरी चूक सापडली व तीच ही, असा त्यांचा समज झाला. कोणती चूक सापडली हे मी त्यांना विचारले नाही. ते विचारणे माझे काम होते.

आपलं नाव वाचून मी हादरले. अजून नोकरीत कायम व्हायची होते मी. नियामक मंडळाच्या फाइलमध्ये नाव जाणं म्हणजे काय ते मला कळत होतं. आणि मला राग आला, हेही कबूल करते. मी म्हटलं, "अक्का, माझं नाव कशाला?"

"तू तिथं होतीस की नव्हतीस?"

"होते."

"मग तुला वाचवायला तुला पुसून टाकू काय? पुसलेल्या जागी पुढचा माणूस काय वाचणार?"

त्या रागात मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, बाईंनी तुझ्याबद्दल काही खोटं लिहिलंय का? मी म्हटलं, नाही. मग त्यांनी आईकडे फोन दिला.

चौकशीला मंडळाचे दोन अधिकारी आले. त्यांतले मोठे होते ते वनजाक्कांना पूर्वीपासून ओळखत असावेत, कारण ते खोलीत आले तेव्हा आधी त्यांनीच नमस्कार केला. आत जाण्याआधी वनजाक्का मला एवढंच म्हणाल्या, "विचारतील तेवढं सांग. कमी नको, जास्तही नको." मी सांगितलं. अमेयने सांगितलं. मग त्या मोठ्या अधिकाऱ्यांनी पत्र पुढे ओढून, अगदी हळू, वनजाक्कांना वाट काढून दिली. म्हणाले, तुम्हाला असं म्हणायचंय का, की प्रशिक्षणासाठीची एक नोंद अनवधानाने फाइलमध्ये राहून गेली?

अनवधानाने. तो एक शब्द उचलायचा होता. श्रीनाथ सर पुढे झुकले. मी वनजाक्कांकडे पाहिलं.

"राहून गेली नाही साहेब," त्या म्हणाल्या. "घातली मी. काढली नाही, तेही मीच. दोन्ही लिहा."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि काही वेळ तो परत घातलाच नाही. आपण एवढ्या वर्षांत असं उत्तर ऐकलं नाही, असं ते जाताना सरांना म्हणाले. कौतुकाने म्हणाले की दुःखाने, ते सरांनाही सांगता आलं नाही.

दिवाळीआधी निर्णय आला. वनजाक्कांचा अहवालांवर सही करण्याचा अधिकार काढून घेतला. कायमचा. मला दोन महिने तपासणीपासून दूर ठेवून पुन्हा प्रशिक्षण. आणि देशातल्या अशा सगळ्या कंपन्यांना परिपत्रक, की कोणत्याही कारणासाठी, प्रशिक्षणासाठीसुद्धा, मूळ नोंदीत हेतुपुरस्सर चूक घालू नये. वनजाक्कांनी परिपत्रक उभ्यानेच वाचलं. म्हणाल्या, "भाषा चांगली आहे. संदिग्ध काही ठेवलं नाही." आणि ते स्वतःच्या हाताने फलकावर लावलं. मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडले. मला कळत नव्हतं मी कुणासाठी रडतेय. एवढं प्रामाणिक असण्याची एवढी शिक्षा असू शकते, हे आमच्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. आणि शिक्षा चुकीची आहे असंही मला म्हणता येत नव्हतं. कोऱ्या मनाने तो नियम वाचला असता, तर मीही तेच लिहिलं असतं.

मार्चमध्ये त्या निवृत्त झाल्या आणि देवनहळ्ळीला भावाच्या घरी राहायला गेल्या. समारंभ नको म्हणाल्या, तो झाला नाही. पण माझ्या मनात त्यांचं शेवटचं दर्शन निवृत्तीच्या दिवसाचं नाही. ते जानेवारीतलं आहे, नव्या घुमटाच्या चाचणीच्या वेळचं.

चाचणीला जाणाऱ्यांच्या यादीत वनजाक्कांचं नाव असायचं कारणच नव्हतं. सही श्रीनाथ सर करणार होते, तपासणी माझ्याकडे होती. पण यादी फलकावर लागली तेव्हा सर्वांत खाली, मदतनिसांच्या रकान्यात, त्यांच्याच अक्षरात नाव होतं : व्ही. आर. मोरे. काम : साबणपाणी. सरांनी ते खोडलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा लिहिलेलं होतं. सरांनी परत खोडलं नाही.

साबणपाणी म्हणजे आमच्याकडचं सर्वांत खालचं काम. घुमटात दाब भरला की बाहेरच्या बाजूने दरवाज्याच्या रबरी कडेवर ब्रशने साबणाचं पाणी लावायचं आणि कुठे बुडबुडा येतो का ते बघायचं. आयटीआय झालेला नवखा करतो ते. त्याला सही लागत नाही. मी तक्ता घेऊन जिना उतरून दरवाज्याशी गेले, तर तिथे वनजाक्का जमिनीवर गुडघे टेकून बसलेल्या. साडीवर केंद्राचा निळा डगला, एका हातात प्लास्टिकचा मग, दुसऱ्या हातात ब्रश. साठीला आलेल्या. हा दरवाजा कुठे असावा हेसुद्धा नकाशावर त्यांनीच सुचवलेलं.

त्यांनी वर न बघता सांगितलं, "खालचा डावा कोपरा. बुडबुडा नाही."

मी तक्त्यावर पेन टेकवलं. त्यांनी ब्रश मगात ठेवला आणि ओल्या हाताने माझा तक्ता झाकला.

"मी सांगितलं म्हणून लिहितेस?"

मी म्हटलं, "अक्का, तुम्ही बघितलंय ना."

"मी बघितलं. तू नाही. खाली बस."

त्यांनी पुन्हा ब्रश बुडवला आणि त्या कोपऱ्यावरून सावकाश फिरवला. मी तक्ता बाजूला ठेवला, त्यांच्याशेजारी गुडघे टेकले आणि रबरावरचा पांढरा फेस विरून जाईपर्यंत बघत राहिले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्याही तिकडेच बघत होत्या, मघाशी पाहिलंच नाही अशा. मी उठले, माझ्या हाताने लिहिलं, आणि मगच त्यांनी ब्रश पुढच्या कोपऱ्याकडे नेला.